एच-इंडेक्स लिहिण्याआधी यादी साफ करा: कोकणातल्या जीवरसायन संशोधकांसाठी

पदोन्नतीच्या अर्जात एच-इंडेक्सचा (किमान तितकेच सायटेशन, म्हणजे इतर लेखांतले उल्लेख, मिळालेले तुमचे पेपर किती, याचा) रकाना आला की बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडून दिसेल तो आकडा उतरवून घेतात. तसं करू नका. आधी यादी साफ करायची, मग मोजायचं.

एक एक्सेल शीट घ्या. प्रत्येक पेपरसाठी एक ओळ: शीर्षक, लेखकांची नावं छापलेल्या क्रमाने, जर्नल, वर्ष, खंड, पानं, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), पबमेड (जीववैद्यकीय पेपरांची सूची) क्रमांक, प्रकार आणि त्यात तुमचं नेमकं काम. प्रकाराच्या रकान्यात मूळ संशोधन, आढावा, पुस्तकातलं प्रकरण, परिषदेतला गोषवारा हे वेगवेगळं लिहा. गोषवारे पेपरांत मिसळले की छाननी समितीचा पूर्ण यादीवरचाच विश्वास उडतो. डीओआय हाताने टाइप करू नका, पेपरच्या पानावरून कॉपी करा आणि क्लिक करून तो योग्य ठिकाणी उघडतो का ते पाहा.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा असतो. एका पेपरवर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं अक्षर गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललं की स्कोपस (पेपर आणि सायटेशनची मोठी सूची) एकाच बाईंची दोन प्रोफाइलं करतं आणि सायटेशन वाटले जातात. उलटही होतं: सावंत, परब, कदम अशी आडनावं आणि सारखीच आद्याक्षरं असली की दुसऱ्याचे पेपर तुमच्या खात्यात येऊन बसतात. तेही काढायचे, आकडा खाली आला तरी. संस्थेच्या नावाचंही तेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं नाव कुठे ‘डॉ. बाळासाहेब सावंत’सह पूर्ण, कुठे नुसतं ‘कोकण कृषी विद्यापीठ’, तर कुठे फक्त इंग्रजी आद्याक्षरं. एक रूप ठरवा आणि पुढच्या प्रत्येक पेपरवर तेच वापरा.

यावरचा उपाय म्हणजे ऑर्किड. संशोधकाची ओळख पटवणारा हा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो. नोंदणी करताना कॉलेजचा आणि खाजगी असे दोन्ही ईमेल द्या, कारण नोकरी बदलली की कॉलेजचा ईमेल बंद होतो. जुन्या नावाची सगळी रूपं ‘इतर नावे’मध्ये भरा. क्रॉसरेफला (डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला) परवानगी दिलीत की ज्या पेपरबरोबर जर्नलने तुमचा ऑर्किड पाठवला असेल, तो आपोआप नोंदला जातो. मग स्कोपसवरची दोन प्रोफाइलं एकत्र करण्याची विनंती तिथल्याच दुरुस्तीच्या फॉर्ममधून पाठवा. त्याला वर्गणी लागत नाही.

आता मोजणी. समजा सायटेशन उतरत्या क्रमाने असे आहेत: ६४, ३१, २२, १५, ९, ७, ६, ३, १, ०. सहाव्या पेपरला ७ आहेत, म्हणजे सहापेक्षा कमी नाहीत. सातव्याला ६ आहेत, सातपेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ६. दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर चार, म्हणून आय-टेन ४. एकूण सायटेशन १५८. आता नीट पाहिलं तर एक सायटेशनवाली नोंद सातव्या पेपरचाच बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट (जर्नलच्या छाननीआधीची प्रत) निघाली. दोन्ही नोंदींवर खूण करून ‘मर्ज’ केलं की सातव्याचे ७ होतात आणि एच-इंडेक्सही ७. अर्थात दोन्ही नोंदींना वेगवेगळ्या लेखांनी उद्धृत केलं असेल तरच. स्कॉलरची आपोआप भर टाकण्याची सोय बंद ठेवा आणि प्रत्येक बदल पाहूनच मंजूर करा.

स्कॉलरचा आकडा स्कोपसपेक्षा बहुधा मोठा येतो, कारण स्कॉलर प्रबंध, अहवाल, छोटी जर्नलं सगळंच धरतं. कोकमातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लावर किंवा हापूसमधल्या साक्यावर (गर खराब होण्याच्या दोषावर) काम करणाऱ्यांना हा फरक फार जाणवतो. त्यांचे बरेच पेपर प्रादेशिक कृषी जर्नलांत असतात. म्हणून स्रोत आणि तारीख न लिहिता आकडा देऊच नका. दोन स्रोतांचे आकडे एकत्र तर मुळीच करू नका. स्कोपसच्या पूर्ण आवृत्तीत स्वतःचे सायटेशन वगळता येतात, तोही आकडा शेजारी द्या.

नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, याचं उदाहरण आपल्याच विषयात आहे. प्रथिन मोजण्याची लॉरी पद्धत सांगणारा १९५१चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला, कारण प्रयोगशाळेत ती पद्धत रोज लागते. पद्धतीचे आणि आढाव्याचे पेपर नेहमीच जास्त उद्धृत होतात. म्हणून तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरशी करा. पबमेडमधल्या पेपरांसाठी आयसाइट हे साधन फुकट आहे. पबमेड क्रमांक चिकटवले की ते सायटेशनचं सापेक्ष गुणोत्तर देतं. त्यात १ म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीवर झालेल्या पेपरांचा मध्यांक. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पेपरच्या नावावर लिहू नका. तो जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी असतो.

त्याऐवजी महत्त्वाचे तीन-चार पेपर निवडा आणि त्यांना उद्धृत करणारे लेख उघडून वाचा. कुणी तुमची पद्धत वापरली, कुणी निष्कर्ष तपासला, कुणी नुसतं प्रस्तावनेत नाव घेतलं, हे प्रत्येकी दोन ओळींत लिहा. साक्यावरच्या पेपरला सायटेशन थोडे असतील, पण त्यातली शिफारस बागायतदारांपर्यंत पोचली असेल तर ती लेखी पुराव्यासह इथेच नोंदवा. आमच्या मते छाननी करणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पान हेच.

यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) २०२५मध्ये बंद केली. जुने पेपर ‘केअर यादीतले’ म्हणून दाखवायचे असतील, तर प्रकाशनाच्या वेळी जर्नल यादीत होतं याचा पुरावा जोडा. पाठवण्याआधी प्रत्येक पेपरचं पान पुन्हा उघडून शुद्धिपत्र किंवा माघारीची सूचना लागली आहे का ते तपासा. माघार घेतलेला पेपर यादीत ठेवायचाच असेल, तर त्याच ओळीत तसं स्पष्ट लिहा.