तारे मोजण्याआधी ते कोणी आणि कधी दिले ते बघा

पहिली नोकरी सोडताना मी नव्या कंपनीबद्दल, कर्मचारी रिव्ह्यू लिहितात त्या साइटवर, जे वाचलं होतं त्यात खोटं जवळपास काहीच नव्हतं. तरीही माझं दीड वर्ष त्रासात गेलं. आता कोणी नवीन मुलगा किंवा मुलगी "रेटिंग चांगलंय, ऑफर घेऊ ना?" असं विचारते, तेव्हा मला लगेच हो म्हणता येत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

कंपनीचं रेटिंग पाचपैकी 4.2 होतं आणि रिव्ह्यू 61. "शिकायला भरपूर", "सहकारी मदतीला तयार", "मोकळं वातावरण" अशी वाक्यं पानापानावर होती. तोट्यांच्या रकान्यात बहुतेकांनी "काही नाही" लिहिलं होतं. मी सगळे 61 रिव्ह्यू वाचले आणि आपण नीट अभ्यास केला असं समजून होकार कळवला.

जॉइन झाल्यावर नवव्या दिवशी एचआरची मेल आली: तुमचा आतापर्यंतचा अनुभव रिव्ह्यूच्या साइटवर लिहा. सक्ती नव्हती. काय लिहायचं तेही कोणी सांगितलं नाही. मी पाच तारे दिले आणि मनापासून दिले. नवा लॅपटॉप हातात होता, सगळे हसून बोलत होते, कामाचा बोजा म्हणाल तर दोन ट्रेनिंग व्हिडिओ. तोट्यांच्या रकान्यात मीही लिहिलं, "काही नाही".

सगळी फसगत इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते. काही महिन्यांनी मी तेच 61 रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावून बघितले. त्यातले 38 रिव्ह्यू वर्षातल्या ठरावीक दोन महिन्यांत आले होते, म्हणजे नवीन बॅच जॉइन होते तेव्हा. ते सगळे पाच ताऱ्यांचे. ते बाजूला काढून उरलेल्या 23 ची साधी सरासरी काढली तर ती 2.9 आली. त्या 38 जणांपैकी एकही खोटं बोलला नव्हता, जशी मीही बोलले नव्हते. आमच्यापैकी कोणी अजून एक रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर जाताना, बघितलं नव्हतं, एक अ‍ॅप्रेझल बघितलं नव्हतं, एक रात्र जागून काढली नव्हती. आम्ही स्वागताला मार्क दिले होते, ते नोकरीचे म्हणून वाचले जात होते.

ग्लासडोअरसारख्या कंपन्यांच्या रिव्ह्यूंच्या साइटवर हे आणखी ठळक होतं, कारण तिथे एकूण रेटिंग काढताना ताज्या रिव्ह्यूंना जास्त वजन असतं. हेतू चांगला आहे, कंपनी बदलते तसा आकडा बदलावा. पण ताजे रिव्ह्यू सगळे नवख्यांचेच असतील तर आकडा वर उचलला जातो. शिवाय तिथे इतरांचं सगळं वाचायचं तर आधी स्वतःचं काहीतरी द्यावं लागतं. त्यामुळे पगाराचे आकडे बघायला आलेला माणूस दोन ओळी टाकून पुढे जातो. त्या दोन ओळींवर तुम्ही आयुष्यातली दोन वर्षं लावू नका.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मनात राग असतो तेव्हाच माणूस लिहायला बसतो, आणि कपातीनंतरच्या आठवड्यात एक ताऱ्याची रांग लागते. ब्लाइंड हे 2013 मध्ये दक्षिण कोरियात सुरू झालेलं अ‍ॅप. तिथे ऑफिसच्या ईमेलवरून पडताळणी होते आणि नाव मात्र दिसत नाही. आतल्या गोटातली माहिती तिथे मिळते, पण वाचून उठल्यावर असं वाटतं की जगात एकही धड कंपनी नाही. तसं नाहीये. घाबरून जाऊ नका.

मी आता तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सगळ्यात आधी वाचते. तीन तारे देणाऱ्याला काहीतरी आवडलेलं असतं आणि काहीतरी खुपत असतं, त्यामुळे तो तपशील देतो. एकच तक्रार वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विभागांतल्या लोकांनी केली असेल तर पाणी तिथे मुरतंय असं धरून चाला. एकाच महिन्यात एकाच टीममधून चार तक्रारी असतील तर तो बहुधा एक मॅनेजर असतो, आणि तुम्ही कदाचित त्याच्याकडे जाणारही नाही.

कारण नोकरी कंपनीत लागते, पण दिवस टीममध्ये जातो. गूगलने 2012 मध्ये प्रोजेक्ट अ‍ॅरिस्टॉटल नावाने आपल्याच 180 टीम तपासल्या. टीममध्ये कोण कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात, चूक कबूल करायला किंवा शंका विचारायला भीती वाटते का, यावर टीमचं यश जास्त अवलंबून असतं असं त्यांना आढळलं. एकाच कंपनीत इतका फरक असेल तर कंपनीच्या एका आकड्यात तुमची टीम कुठून दिसणार?

माझी टीम चार जणांची होती. एका रात्री पावणेतीनला फोन वाजला, प्रोडक्शन सर्व्हरची (ग्राहक वापरतात ती सिस्टिम चालवणाऱ्या मशीनची) डिस्क 94 टक्के भरली होती. मी रनबुक, म्हणजे बिघाड झाला की काय करायचं त्याची लिखित यादी, उघडलं. पहिलीच ओळ होती, "काहीही डिलीट करण्याआधी यांना विचारा", आणि पुढे ज्याचं नाव होतं तो मी यायच्या आठ महिने आधी कंपनी सोडून गेला होता. खाली पायऱ्या एक ते सात लिहिलेल्या, चौथी पायरी रिकामी. मी पलंगाच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन ती रिकामी ओळ बघत बसले होते. मॅनेजरला उठवावं की नाही हे ठरवायलाच दहा मिनिटं गेली. कारण आधीच्या वेळी उठवलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ऐकावं लागलं होतं. त्या महिन्यात असा फोन अकरा वेळा वाजला.

मला तेव्हा वाटायचं की मीच कमी पडतेय. हे कोणीतरी मला तेव्हा सांगायला हवं होतं: गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमने (सिस्टिम सुरळीत चालू ठेवणाऱ्या टीमने) 2016 मध्ये जाहीर केलेले निकष असे आहेत की एकाच ठिकाणच्या टीमला ऑन-कॉल (बिघाडाचा फोन कधीही घ्यायची पाळी) सांभाळायला किमान 8 इंजिनिअर लागतात आणि 12 तासांच्या पाळीत बिघाडाच्या 2 पेक्षा जास्त घटना येऊ नयेत. प्रत्येक कंपनीला हे जमणार नाही, कबूल. पण चार जणांत तो डोलारा डुगडुगणारच, त्यात तुमच्या हुशारीचा प्रश्न येत नाही. तुम्ही अशा टीममध्ये अडकला असाल तर स्वतःला दोष देणं आजच थांबवा.

आता सल्ला देणाऱ्यांबद्दल, स्पष्टच बोलते. "मोठं नाव बघ, बाकी दोन वर्षं सहन कर" असं सांगणारे मेंटॉर मला पटत नाहीत. सहन करायचं शिकवणारा माणूस काम शिकवत नाही. एकाच कंपनीत बारा वर्षं काढलेल्या सीनियरचा सल्ला त्या कंपनीपुरता घ्या. आणि रेफरल देणाऱ्या, म्हणजे आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवणाऱ्या, मित्राला आधी विचारा, की तू याच टीममध्ये आहेस का? अनेक ठिकाणी रेफरलवर बोनस असतो. त्यात गैर काही नाही, फक्त ते माहीत असू द्या. सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे जो त्या टीममधून सहा महिने ते वर्षापूर्वी बाहेर पडला. राग निवलेला असतो आणि आठवण ताजी असते. लिंक्डइनवर असा एक जण शोधून नम्रपणे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्यांदा नोकरी बदलताना मला तिघांपैकी दोघांनी उत्तर दिलं होतं.

इंटरव्ह्यूत "वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?" हा प्रश्न विचारून वेळ घालवू नका. उत्तर नेहमी "छान" असंच येतं. मोजता येईल असं विचारा. गेल्या महिन्यात रात्री किती वेळा फोन वाजला? या जागेवर आधी कोण होतं, आणि ते आता कुठे आहेत? मागचं रिलीज कोणत्या वारी, किती वाजता झालं? सॉफ्टवेअरबद्दल लिहिणारे प्रोग्रॅमर जोएल स्पोल्स्की यांनी 2000 साली सॉफ्टवेअर टीमसाठी 12 हो-नाही प्रश्न मांडले होते, त्यातला "एका पायरीत बिल्ड होतं का?" (कोडपासून चालू सॉफ्टवेअर एकाच कमांडने तयार होतं का?) हा मी आजही विचारते. उत्तरापेक्षा समोरचा किती वेळ घुटमळतो त्याकडे लक्ष द्या. आणि ऑफर आल्यावर, सही करण्याआधी, टीममधल्या एखाद्याशी मॅनेजरशिवाय पंधरा मिनिटं बोलायचंय असं सांगा. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. चांगल्या टीमला याचं काही वाटत नाही. ज्यांनी टाळाटाळ केली तिथे मी गेले नाही.

घरी पैशांची निकड असेल आणि हातात एकच ऑफर असेल तर मात्र घ्या. हे सगळं शोधून झाल्यावर घ्या, म्हणजे नवव्या महिन्यात धक्का बसणार नाही.

ती नोकरी सोडल्यावर मी माझा जुना रिव्ह्यू काढून नवा लिहिला. दीड वर्ष, प्लॅटफॉर्म सपोर्ट टीम, चार जण, दर चौथ्या आठवड्याला ऑन-कॉल, रनबुक अपुरं. सहकारी खरोखर मदतीला तयार, हे वाक्य मी तसंच ठेवलं, कारण त्या रात्री साडेतीनला फोन उचलून चौथी पायरी मला शेजारच्या डेस्कवरच्या मुलीने सांगितली होती. तीन तारे दिले. तोट्यांचा रकाना भरायला दोन संध्याकाळी लागल्या.