बॉयलरचं पाणी मधेच गार होतंय? यूकेत नवीन आलेल्यांसाठी

थंडी सुरू झाली की नवीन मंडळींचा हमखास प्रश्न येतो: शॉवरला पाणी गरम येतं, मधेच गार होतं, पुन्हा गरम होतं, बॉयलर बिघडला का? बऱ्याचदा नाही.

इथल्या फ्लॅटमध्ये आणि लहान घरांत बहुधा कॉम्बी बॉयलर असतो. आपल्या गिझरसारखं त्यात पाणी साठत नाही. गरम नळ उघडला, पाणी वाहू लागलं, की ते सेन्सरला कळतं आणि मगच बर्नर पेटतो. प्रवाह मिनिटाला साधारण दोन-अडीच लिटरच्या खाली गेला की बर्नर विझतो.

आपली पाणी जपून वापरायची सवय चांगलीच आहे, पण कॉम्बीला बारीक धार चालत नाही. त्यात बॉयलरवर तापमान ६० ला लावलेलं असतं. चटका बसतो म्हणून आपण गरम नळ थोडा बंद करतो आणि गार सोडतो. गरम बाजूचा प्रवाह आणखी कमी होतो, बर्नर विझतो, अंगावर गार पाणी येतं. मग नळ फिरवायचा, पुन्हा चटका. उपाय साधा आहे: पाण्याचं तापमान ४८-५० वर आणा आणि गरम नळ पूर्ण उघडा. बादलीने अंघोळ करणाऱ्यांनीही बादली मोठ्या धारेनेच भरावी. बॉयलरवर नळाचं चित्र असलेलं बटण पाण्याचं, रेडिएटरचं चित्र असलेलं हीटिंगचं. घरात गरम पाण्याचा सिलिंडर, म्हणजे तापवलेलं पाणी साठवणारी टाकी, असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही. साठवलेल्या पाण्यात लिजिओनेलाचे जंतू वाढू नयेत म्हणून तिथे ६० अंशच ठेवतात.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडात पाणी जड आहे. शॉवरच्या जाळीत क्षार साचून प्रवाह घटतो, आणि परत तेच होतं. जाळी काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा. ग्लासगो किंवा मँचेस्टरला राहत असाल तर हे विसरा, तिथलं पाणी मऊ आहे.

एक जण अंघोळीला गेला असताना दुसऱ्याने स्वयंपाकघरात गरम नळ सोडू नये. २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला जेमतेम दहा लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो. हिवाळ्यात मुळातच पाणी फार गार येतं, त्यामुळे दोघांना पुरत नाही.

एवढं करूनही त्रास राहिला तर घरातले सगळे नळ तपासा. फक्त शॉवरलाच गार येत असेल तर दोष शॉवरच्या मिक्सरचा. छताला दोरी लटकते तो इलेक्ट्रिक शॉवर असेल तर बॉयलरचा संबंधच नाही. सगळीकडे तेच होत असेल तर प्रेशरचा काटा बघा, बॉयलर थंड असताना तो १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. हीटिंग चालू असतानाच पाणी नीट तापतं, किंवा हीटिंग बंद असताना नळ सोडला की रेडिएटर तापतात, असं असेल तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता नळाकडे की रेडिएटरकडे वळवणारी झडप) अडकत असण्याची शक्यता मोठी. ते काम इंजिनिअरचं. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला तर बाहेर जाणारा कंडेन्सेटचा, म्हणजे बॉयलरमध्ये तयार होणारं पाणी बाहेर सोडणारा, प्लॅस्टिक पाइप गोठला असेल. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाड्याच्या घरात बॉयलरच्या दुरुस्तीचे पैसे स्वतः भरू नका. ओळखीच्या एका जोडप्याने घरमालकाला कशाला त्रास द्यायचा म्हणून स्वतःच इंजिनिअर बोलावला, क्षारांनी भरलेला हीट एक्स्चेंजर (बॉयलरमधला पाणी तापवणारा भाग) बदलून घेतला, आणि मालकाने बिल द्यायला साफ नकार दिला. आपली माणसं इथे येऊन फार भिडस्त होतात. संकोच करू नका. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्यानुसार आणि वेल्समध्ये २०१६ च्या रेंटिंग होम्स (वेल्स) कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. फोनवर सांगून थांबू नका, ईमेल करा. कधीपासून, कोणत्या नळाला, हीटिंग चालू असताना की बंद असताना, ते लिहा आणि काट्याचा व एरर कोडचा फोटो जोडा. दाद मिळाली नाही तर स्थानिक कौन्सिलकडे (इथल्या नगरपालिकेकडे) तक्रार करा, पण भाडं अडवू नका. त्यात तुम्हीच अडचणीत याल.

आणि ग्रुपवर कुणी सुचवलेल्या 'स्वस्तात करून देतो' माणसाला बॉयलरचं झाकण उघडू देऊ नका. गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवरच्या, म्हणजे गॅस इंजिनिअरांच्या अधिकृत यादीतल्या, इंजिनिअरनेच करायचं, हा इथला कायदा आहे. त्याचं कार्ड मागा आणि मागची बाजूही वाचा, कोणत्या कामांची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. घरमालकाने दरवर्षी गॅसची तपासणी करून त्याची नोंद तुम्हाला द्यायची असते. घर भाड्याने घेतानाच ती मागून घ्या.

गॅसचा वास आला तर घरमालकाच्या किंवा त्याच्या एजंटच्या उत्तराची वाट बघू नका. खिडक्या उघडा, घराबाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. तो नंबर चोवीस तास चालू असतो.