जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलची काडतुसं घरी भरताय? या चुका टाळा

बोल्ट-ॲक्शनची काडतुसं वर्षानुवर्षं भरणारा माणूस विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६ कडे वळला की त्याची जुनी सवयच त्याला नडते. लिव्हर-ॲक्शनमध्ये तीन गोष्टी वेगळ्या असतात. बोल्ट (काडतुसामागचा अडसर) पुढे चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेजवळ नाही, तर मागच्या टोकाला अडकतो. काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नाही, रिमवर (बुडाच्या कडेवर) टेकतं. आणि मॅगझिन म्हणजे नळीखाली बसवलेली दुसरी नळी, जिच्यात काडतुसं एकामागे एक ओळीने असतात. खालच्या बहुतेक चुका या तिन्हींपैकी एखादी गोष्ट विसरल्यामुळे होतात. उदाहरण म्हणून मुख्यतः .३०-३० विंचेस्टर घेतलं आहे, कारण अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघणाऱ्या जुन्या लिव्हर रायफलींमध्ये तेच सर्वाधिक दिसतं.

आधी कायद्याचं. हा सगळा मजकूर अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते पाहून घ्या. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूकच काय, सुटी काडतुसं जवळ बाळगायलाही संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे; वैध शिकार परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. भारतात विनापरवाना काडतुसं बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तिथे हा प्रयोग नको.

नावातल्या आकड्याला पावडरचं माप समजणं

.३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे १८९५ मध्ये हे काडतूस आलं तेव्हाच्या धूरविरहित पावडरचे तीस ग्रेन. .४५-७० मधले सत्तर म्हणजे काळ्या पावडरचे सत्तर ग्रेन. आजच्या कोणत्याही पावडरशी या आकड्यांचा संबंध नाही. पावडरचं वजन फक्त पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातून घ्यायचं, तेही त्याच बुलेटसाठी, त्याच वजनासाठी. तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून निघा. सुरुवातीचं माप दिलं नसेल तर कमाल मापातून दहा टक्के कमी करा आणि अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जा. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा काटा हवा, आणि दर बैठकीला तो प्रमाण वजन ठेवून तपासायला हवा.

.४५-७० चे तक्ते मुळातच तीन पातळ्यांत छापतात: १८७३ च्या ट्रॅपडोअर रायफलसाठी सर्वात हलके, विंचेस्टर १८८६ आणि मार्लिन १८९५ जातीच्या लिव्हरसाठी मधले, रूगर नंबर वनसाठी सर्वात जड. तिसऱ्या रकान्यातलं माप लिव्हर रायफलमध्ये घालणं म्हणजे रायफल आणि चेहरा दोन्ही पणाला लावणं. आपली १८८६ फार जुनी असेल तर पहिल्या रकान्यावरच थांबलेलं बरं.

असाच घोळ .४४-४० मध्ये होतो. विंचेस्टर १८९२ रायफलच्या मजबूत ॲक्शनसाठी एके काळी जास्त वेगाची काडतुसं निघत. ती विंचेस्टर १८७३ रायफलमध्ये कधीही वापरायची नाहीत, कारण त्या रायफलचा बोल्ट नुसत्या सांध्यांच्या दांड्यांवर अडतो. आणि विंचेस्टर १८९४ ची अगदी सुरुवातीची .३२-४० किंवा .३८-५५ मधली रायफल हाती लागली, तर नळीवर निकेल स्टीलचा शिक्का आहे का ते बघा. धूरविरहित पावडरसाठीच्या त्या नळ्या १८९५ पासून आल्या. शिक्का नसेल तर हलकी मापं वापरा, नाहीतर रायफल भिंतीवर राहू द्या.

खांदा मागे ढकलत राहणं

पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) लवकर फाटण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण. .३०-३० च्या रिमची जाडी जास्तीत जास्त ०.०६३ इंच आणि कमीत कमी ०.०५३ इंच ठरवलेली आहे, तर चेंबरमध्ये रिमसाठी ०.०६३ ते ०.०७० इंच जागा असते. म्हणजे सगळं नियमात असूनही सतरा हजारांश इंचापर्यंत मोकळी जागा राहू शकते. बार उडतो तेव्हा पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो आणि बूड मागे बोल्टपर्यंत ताणलं जातं. त्यात मागच्या टोकाला अडकलेला बोल्ट दाबाखाली किंचित दबतो, म्हणून ताण आणखी वाढतो. पुंगळी एकदा अशी ताणली गेली की खांदा चेंबरला भिडतो. पुढच्या वेळी तिने खांद्यावर टेकायचं, रिमवर नाही. पण डायवरच्या (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यावरच्या) सूचना पाळून डाय शेल-होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घेतली की खांदा पुन्हा मागे जातो आणि पुढच्या बाराला तेवढाच ताण पुन्हा बसतो.

उपाय सोपा आहे. डायचा आटा इंचाला चौदा फेऱ्यांचा असतो, म्हणजे एक पूर्ण फेरी साधारण ०.०७१ इंच आणि अष्टमांश फेरी साधारण ०.००९ इंच. त्याच रायफलमध्ये उडवलेल्या पुंगळीची मान आणि खांदा मार्करने काळा करा. डाय शेल-होल्डरपासून अर्धी फेरी वर ठेवून सुरुवात करा, पुंगळी दाबा, रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून लिव्हर मिटवून पाहा. लिव्हर जड जात असेल तर डाय थोडी खाली घ्या, पुन्हा पाहा. सहज मिटायला लागली की तिथेच आटा कसा. बोल्ट-ॲक्शनसारखी इथे काडतूस आत रेटायची ताकद नसते, म्हणून खांदा एक-दोन हजारांश इंच मोकळा असू द्या, त्याहून जास्त नको. दोन रायफली असतील तर पुंगळ्यांचे दोन डबे ठेवा.

फाटायला आलेली पुंगळी ओळखता येते. बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर चकचकीत कडं दिसतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पेपर-क्लिपच्या तारेचं टोक काटकोनात वाकवायचं, आतून बुडापासून वर ओढत आणायचं. टोक कुठे खाचेत अडकलं तर ती पुंगळी चेचून भंगारात टाका, सुधारायच्या भानगडीत पडू नका.

प्रायमर बाहेर आला म्हणजे दाब जास्त, हा समज

इथे उलटं घडतं, आणि जाणते लोकही फसतात. हलक्या मापाच्या काडतुसात पुंगळी चेंबरला चिकटते, पण दाब इतका नसतो की बूड ताणलं जाऊन मागे येईल. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) मात्र मागे सरकलेला असतो आणि तसाच बाहेर डोकावत राहतो. पूर्ण मापात तेच बूड मागे येऊन प्रायमरला पुन्हा आत बसवतं. म्हणून हलक्या काडतुसात प्रायमर किती बाहेर आला ते मोजलं, तर रिमपाशी किती मोकळी जागा आहे याचा चांगला अंदाज मिळतो. आकडा मोठा आला तर बंदुकीच्या कारागिराला दाखवा.

उलट, प्रायमर गोलसर दिसतो म्हणून माप वाढवत जाणंही चूक. .३०-३० ची दाबाची मर्यादा ४२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. प्रायमर चपटा व्हायला लागतो तो साधारणपणे याच्या बऱ्याच वरच्या दाबाला. तोवर जुन्या ॲक्शनने मर्यादा कधीच ओलांडलेली असते. लिव्हर उघडायला नेहमीपेक्षा जरा जरी जड गेली, तरी तिथेच थांबा. क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) तक्त्यापेक्षा जास्त वेग दिसत असेल, तर दाबही जास्त आहे असंच समजा.

क्रिम्प: कमी पडला तरी वाईट, जास्त झाला तरी

नळीतल्या मॅगझिनमध्ये प्रत्येक काडतुसाची बुलेट पुढच्याच्या बुडाला टेकलेली असते, पुढून स्प्रिंग दाबत असते आणि वरून बाराचा धक्का बसतो. क्रिम्प (पुंगळीचं तोंड वळवून बुलेट आवळणं) सैल असेल तर बुलेट पुंगळीत आत सरकते, आतली जागा कमी होते, दाब वाढतो. तेव्हा बुलेटवर खाच असलीच पाहिजे आणि पुंगळीचं तोंड त्या खाचेत वळलं पाहिजे.

पण .३०-३० च्या मानेचं पितळ पातळ असतं. तोंड जरा जास्त दाबलं की मानेखाली खांद्यापाशी फुगवटा येतो आणि काडतूस चेंबरमध्ये शिरतच नाही. बहुतेक वेळा दोष डायचा नसतो, पुंगळ्यांची लांबी असमान असते. एक पुंगळी ०.०१० इंच लांब असली की तिला तेवढाच जास्त क्रिम्प बसतो. सगळ्या पुंगळ्या आधी एकाच मापाला कापा: कमाल लांबी २.०३९ इंच, त्यामुळे २.०२९ च्या आसपास. नंतर बुलेट बसवणं आणि क्रिम्प करणं ही दोन कामं वेगवेगळी करा. पहिल्या फेरीत डाय एक पूर्ण फेरी वर ठेवून सगळ्या बुलेट खाचेच्या मध्यापर्यंत बसवा. दुसऱ्या फेरीत बुलेट बसवणारा दांडा वर घ्या, डाय पाव-पाव फेरीने खाली आणत तोंड वळवा.

तपासायचं कसं? काडतुसाचं टोक लाकडी बाकावर टेकवून अंगठ्यांनी नेट लावा, आधी आणि नंतर लांबी मोजा. फरक शून्य हवा. मैदानावर आणखी एक परीक्षा आहे: मॅगझिन भरून तीन-चार बार काढा, उरलेलं काडतूस बाहेर काढून मोजा. ते आखूड झालं असेल तर क्रिम्प कमी पडतोय.

काडतुसाची एकूण लांबी .३०-३० मध्ये २.५५० इंचांच्या पुढे नको. लांब काडतूस मॅगझिनमधून उचलणाऱ्या भागावर अडकतं आणि लिव्हर अर्ध्यावर थांबते. पहिलं काडतूस नेहमी पावडर आणि प्रायमर न घालता नमुना म्हणून बनवा. घरात बसून जिवंत काडतुसं लिव्हरने फिरवून पाहायची नाहीत.

टोकदार बुलेट

यावर फार लिहिण्याची गरज नाही. नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार बुलेट पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते आणि धक्क्याने मॅगझिनमध्येच बार उडू शकतो. सपाट टोकाची बुलेटच वापरा, किंवा हॉर्नडीच्या एफटीएक्ससारखी मऊ पॉलिमर टोकाची, खास याच मॅगझिनसाठी बनवलेली. एफटीएक्स वापरताना एक भान ठेवा: .४५-७० ची पुंगळी तिच्यासाठी २.१०५ ऐवजी २.०४० इंचांवर कापावी लागते, आणि त्या कापलेल्या पुंगळ्या इतर बुलेटसाठी परत वापरता येत नाहीत. सॅव्हेज ९९ चं फिरकीचं मॅगझिन किंवा विंचेस्टर १८९५ चं पेटीचं मॅगझिन असेल तर टोकदार बुलेट चालते.

फुसका बार आणि प्रायमर

पहिल्या ठोक्याला बार उडाला नाही, दुसऱ्याला उडाला, तर बहुधा प्रायमर तळाशी टेकलेला नव्हता. पहिल्या ठोक्याने तो फक्त खाली बसला. प्रायमरची खोबण काजळी खरवडून साफ करा, प्रायमर बुडाच्या पातळीत किंवा तीन-चार हजारांश इंच आत बसवा, आणि प्रत्येकावरून बोट फिरवा. वर आलेला प्रायमर नळीच्या मॅगझिनमध्ये नुसता त्रासाचा नाही, धोक्याचा आहे. प्रायमर मोठे रायफलचेच हवेत. पिस्तुलाचे मोठे प्रायमर त्याच व्यासाचे पण उथळ आणि पातळ असतात. प्रायमर नीट बसूनही ठोका फुसका जात असेल, तर बोल्टमधलं घट्ट झालेलं जुनं ग्रीस धुऊन काढा, मग घोड्याच्या स्प्रिंगकडे बघा.

बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा. आवाज फुसका आला तर दुसरा बार काढू नका. रायफल रिकामी करून सफाईची सळई नळीतून पलीकडे जाते का पाहा. लिव्हर रायफल हातात असली की पुढचं काडतूस सवयीने आत जातं, तेव्हा ही काळजी इथे दुप्पट.

हलक्या मापासाठी जलद जळणारी पावडर वापरणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. ती पुंगळीत इतकी कमी जागा घेते की दुहेरी मापही आत मावतं आणि वरून कळत नाही. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून बुलेट बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारा. हलकं काडतूस हवंच असेल तर एच४८९५ चा मार्ग जास्त सुरक्षित. तक्त्यात त्या पावडरचं माप दिलेलं असेल, तर कमाल मापाच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली यायला हॉजडन कंपनीच परवानगी देते. इतर पावडरींना हा नियम लावू नका. आणि बाकावर एका वेळी पावडरचा एकच डबा.

नळीचं माप गृहीत धरणं

जुन्या .३८-५५ नळ्यांचा आतला व्यास ०.३७५ पासून ०.३८० इंचांच्या पुढेही सापडतो. कारखान्याची बुलेट त्यात सैल जाते आणि लक्ष्यावर आडवी लागते. नळीला तेल लावा, शुद्ध मऊ शिशाचा तुकडा तिच्यातून ढकलून पलीकडे काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. ओतलेली शिशाची बुलेट त्याहून एक-दोन हजारांश इंच जाड घ्या. पण जाड बुलेट घेण्याआधी त्याच रायफलमध्ये उडवलेल्या, न दाबलेल्या पुंगळीच्या तोंडात ती सहज उतरते का बघा. उतरत नसेल तर चेंबरमध्ये मानेला फुगायला जागा उरणार नाही आणि दाब वाढेल. .३८-५५ च्या पुंगळ्याही दोन लांबीच्या मिळतात, जुनी २.१२५ च्या आसपास आणि नवी २.०८० इंच. मिसळल्या की क्रिम्पचं गणित बिघडतं.

.३२ विंचेस्टर स्पेशल आणि .३०-३० च्या पुंगळ्याही एकाच डब्यात नकोत. बाहेरून सारख्या दिसतात, पण एकीची बुलेट ०.३२१ आणि दुसरीची ०.३०८ इंच. बुडावरचा शिक्का वाचूनच वेगळ्या करा.

रायफलबरोबर आलेली काडतुसं

जुन्या रायफलीसोबत पुष्कळदा कोणीतरी घरी भरलेल्या काडतुसांचा डबा येतो, चिठ्ठी नसलेला किंवा पुसट झालेला. ती उडवायची नाहीत. बुलेट काढायच्या हातोडीने सोडवा. बुलेट चांगल्या असतील तर वजन करून ठेवा. पावडर कोणती ते ओळखू येणार नाही, म्हणून ती बागेतल्या गवतावर विरळ पसरून टाका, साठवू नका. पुंगळ्या खूप जुन्या असतील तर त्यांचाही मोह नको. पाऱ्याच्या जुन्या प्रायमरांनी पितळ आतून ठिसूळ झालेलं असतं आणि बाहेरून काही दिसत नाही.