‘अँटिगनी’ वाचताना आणि बसवताना या चुका टाळा

ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’वर लिहायला बसलं की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी विरुद्ध राज्याचा कायदा. हे खोटं नाही. पण तेवढंच धरून चाललं की निबंध पाठ केल्यासारखा होतो आणि तालमीत एक पात्र भाषण करतं, दुसरं डोळे वटारतं. इसवी सन पूर्व 441च्या सुमाराचं हे नाटक त्याहून खूप अवघड आहे. गोष्ट थोडक्यात अशी: थीब्जचा राजा क्रेऑन अँटिगनीच्या मेलेल्या भावाला, पॉलिनायसिसला, मूठमाती द्यायला मनाई करतो, ती हुकूम मोडून त्याला माती देते आणि मरणाची शिक्षा ओढवून घेते.

क्रेऑनला प्रवेशापासूनच खलनायक करू नका. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. थीब्जवर चालून आलेलं आर्गॉस नगराचं सैन्य नुकतंच पळालं आहे. इटिओक्लीज नगर राखताना पडला, पॉलिनायसिस त्याच नगरावर चालून आला आणि दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. गादीवर नव्यानं बसलेला त्यांचा मामा क्रेऑन पहिल्याच भाषणात सांगतो की, जो मायभूमीपेक्षा मित्राला मोठं मानतो त्याची मी किंमत करत नाही. पुढे इसवी सन पूर्व 343मध्ये वक्ता डेमॉस्थेनीसनं अथेन्सच्या न्यायालयात याच ओळी आदर्श म्हणून वाचून दाखवल्या. देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या मातीत, म्हणजे अथेन्सच्या मुलखात, पुरू न देण्याची रीत अथेन्समध्येही होती. म्हणजे त्या प्रेक्षकांतले अनेक जण इथे मान डोलावत असणार. तुमच्याही प्रेक्षकाला इथे क्रेऑन पटला पाहिजे.

तो चुकतो ते पुढच्या पावलावर. प्रेत हद्दीबाहेर टाकून तो थांबत नाही. ते कुत्र्या-गिधाडांसाठी उघडं ठेवायचं, कुणी रडायचंही नाही, असा त्याचा हुकूम आहे. आणि विरोध दिसला की त्याला पुन्हा पुन्हा लाच दिसते. पहारेकऱ्यानं पैसे खाल्ले, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियसनं पैसे खाल्ले. क्रेऑनचं काम करणाऱ्या नटानं हा संशय दृश्यागणिक वाढवत न्यावा, सुरुवातीलाच खर्च करू नये.

क्रेऑन म्हणजेच राज्य, असं धरू नका. क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा वाग्दत्त वर हेमॉन याचा प्रवेश नीट वाचा. तो बापाला सांगतो की लोक अंधारात कुजबुजत आहेत, त्या मुलीसाठी हळहळत आहेत. नगर राज्यकर्त्याचंच असतं ना, असं क्रेऑन विचारतो, तेव्हा मुलगा उत्तर देतो की, ओसाड प्रदेशावर तुम्ही एकटे छान राज्य कराल. लोकशाही असलेल्या अथेन्समध्ये हे संवाद किती झोंबले असतील! इथे राज्य नावाची गोष्टच दुभंगलेली आहे: एकीकडे फर्मान, दुसरीकडे नगरातली माणसं. हा प्रवेश प्रेमिकाची तडफड म्हणून केला तर नाटकाचा कणाच जातो.

अँटिगनीच्या तोंडी आजची विवेकबुद्धी घालू नका. ‘माझं मन मला सांगतं’ असं ती म्हणत नाही. हा हुकूम झ्यूसनं काढलेला नाही, पाताळातल्या देवांसोबत राहणाऱ्या न्यायदेवतेनंही नाही, असं ती म्हणते. देवांचे अलिखित नियम कधीपासूनचे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, आणि ते माणसाच्या फर्मानानं रद्द होत नाहीत. मृताचे संस्कार हे आप्तांचं कर्तव्य होतं आणि त्यात घरातल्या बायकांचा वाटा मोठा होता. म्हणून तिची भूमिका एका कायद्यापुढे दुसरा, जुना कायदा ठेवण्याची आहे.

याच कारणानं तिला सरळ सत्याग्रही म्हणणंही घाईचं ठरतं. उघडपणे हुकूम मोडणं आणि शिक्षेपासून न पळणं, एवढं साम्य आहे. पण राज्यकर्त्याचं मन पालटावं अशी तिची धडपड कुठेच दिसत नाही. तिला भाऊ मातीखाली हवा आहे.

मग येतो तो अडचणीचा उतारा, जो कित्येकदा गाळला जातो. मरणाकडे नेलं जात असताना ती म्हणते, नवरा किंवा मूल असतं तर मी हे केलं नसतं. दुसरा नवरा मिळेल, दुसरं मूल होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा कुठून येणार? हा उतारा नंतर घुसडलेला असल्याचं कुणीतरी सिद्ध करावं, असं जर्मन कवी गटेला वाटायचं. पण अ‍ॅरिस्टॉटलला तो माहीत होता, म्हणजे तो जुनाच आहे. माझं ठाम मत आहे, गाळू नका. सर्व मृतांसाठी बोलणारी मुलगी मरण समोर दिसताच एकाच भावापुरती उरते. मोठ्या तत्त्वामागचं खरं, हट्टी माणूस तिथेच भेटतं.

अँटिगनीची बहीण इस्मिनी हिला भित्री ठरवून मोकळं होऊ नका. ती आधी मागे सरते, पण नंतर क्रेऑनसमोर येऊन शिक्षेत वाटा मागते, आणि अँटिगनी तो कठोरपणे नाकारते.

शेवटी तराजू समतोल धरू नका. दोन्ही बाजू न्याय्य आणि दोन्ही अपुऱ्या, हे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचं वाचन वजनदार आहे. तरी संहितेत देव गप्प नाहीत. वेद्या प्रेताच्या मांसानं विटाळल्या आहेत, देव आहुती घेत नाहीत, असं टायरेसियस सांगतो. क्रेऑननं मेलेल्याला जमिनीवर ठेवलं आणि जिवंत मुलीला जमिनीखाली कोंडलं. क्रेऑन अखेर नमतो. नगरातल्या वृद्धांचा कोरस (समूहगायक) आधी मुलीला सोडवायचं सांगतो, मग प्रेताला मूठमाती द्यायचं. क्रेऑन नेमका उलटा क्रम धरतो. प्रेत धुतो, जाळतो, वर मातीचा उंचवटा रचतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो. हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, आणि ती तो स्वतःच्या कुशीत खुपसतो. दूताच्या निवेदनातला हा क्रम वेळ वाचवण्यासाठी छाटू नका. तो गेला तर प्रेक्षकाला फक्त उशीर झाल्याचं कळतं, कशामुळे झाला ते कळत नाही.