बाटल्या भरण्यापूर्वी: वाइन किंवा मीड (मधापासूनचे मद्य) अजून आंबते आहे का?

बाटल्या भरण्याचा दिवस ठरवण्याच्या निदान दोन आठवडे आधी ही तपासणी हाती घ्यावी, कारण तिला साधने मोजकी लागतात, दिवस मात्र लागतात. हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनता, दाखवणारा; साखर आंबून संपते तसा हा आकडा उतरतो), त्याचे उंच नळकांडे, नमुना काढण्याची लांब पिपेट, थर्मामीटर आणि निर्जंतुक करण्याचे द्रावण जवळ असावे. शिवाय एक वही, जिच्या पहिल्या पानावर यीस्ट घालण्यापूर्वीचे विशिष्ट गुरुत्व नोंदलेले असेल तर उत्तमच. हायड्रोमीटर त्यावर छापलेल्या तापमानाच्या साध्या पाण्यात सोडून तो १.००० दाखवतो का, हे एकदा पाहावे आणि फरक आढळल्यास तो वहीत लिहून पुढच्या प्रत्येक नोंदीत धरावा.

एअरलॉकमधील (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झाकणावरची पाण्याची नळी) बुडबुड्यांवर विसंबू नये, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. खोलीतील उष्णता वाढली किंवा हवेचा दाब उतरला, तरी द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आंबणे थांबलेल्या भांड्यातूनही बुडबुडे येऊ लागतात. उलट झाकणाला बारीकशी फट असेल, तर आतले आंबणे जोरात चालू असूनही एअरलॉक गप्प बसतो. वरचा भाग नितळ दिसणे हाही पुरावा नव्हे.

नमुना काढताना तळाचा गाळ ढवळला जाणार नाही, याची काळजी घ्यावी. नमुना दोन भांड्यांत खालीवर ओतून त्यातील वायू घालवावा, मग नळकांड्यात भरून हायड्रोमीटर हलकेच फिरवून सोडावा, म्हणजे त्याला चिकटून त्याला वर उचलणारे बुडबुडे सुटतात. काचेलगत द्रवाची कड किंचित वर चढलेली दिसते; आकडा तिथला नव्हे, तर मधल्या सपाट पातळीचा, डोळा त्याच उंचीवर आणून वाचावा. वापरलेला नमुना भांड्यात परत ओतू नये; चाखून पाहावा, शिल्लक गोडी जिभेला कळते. रिफ्रॅक्टोमीटरचे (प्रकाश किती वळतो यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन मद्यार्कामुळे चुकते, म्हणून येथे तो बाजूला ठेवावा.

वाइनसाठी तीन-चार दिवसांच्या आणि संथ आंबणाऱ्या मीडसाठी आठवड्याच्या अंतराने निदान तीन नोंदी घ्याव्यात. आकडा हलला नाही आणि तो ०.९९० ते १.००० च्या दरम्यान असेल, तर साखर बहुतेक संपली आहे. मात्र तो १.०३० वर अडकला असेल, तर आंबणे पुरे झाले असे न समजता ते रखडले आहे का, हे तपासावे: भांडे फार थंड आहे का, यीस्टला पोषण कमी पडले का (मधात नायट्रोजन फारच थोडा असतो), की मद्यार्काची पातळी त्या यीस्टच्या सहनशक्तीपर्यंत पोहोचली.

शंका उरलीच, तर वायू घालवलेला थोडा द्रव सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून, घट्ट झाकण लावून उबदार जागी आठवडाभर ठेवावा आणि रोज अंगठ्याने दाबून पाहावा. बाटली टणक होत गेली, तर आंबणे चालू आहे आणि बंद काच त्या दाबाने फुटू शकते, म्हणून काचेच्या बाटल्यांना अजून हात लावू नये.