अँटीबॉडी आली की त्याच दिवशी छोट्या नळ्यांत वाटून ठेवा

सांगलीत उन्हाळ्यात लाइट गेली की आमच्या प्रयोगशाळेत पहिली काळजी उणे २० अंशांच्या फ्रीझरची. पी६५सारखा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जनुकांचं काम चालू-बंद करणारं प्रथिन) ओळखून त्याला चिकटणारी अँटीबॉडी महाग, कुपीत जेमतेम १०० मायक्रोलिटर (०.१ मिलिलिटर), आणि सारखी गोठून-वितळून ती निकामी होते.

म्हणून कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. झाकणाला चिकटलेला थेंब खाली येतो, तोही पैशाचाच आहे. मग बर्फावर ठेवून १०-१० मायक्रोलिटर छोट्या नळ्यांत भरा. याहून कमी नको, नळीला चिकटूनच बरंच वाया जातं. नाव, लॉट (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक), तारीख लिहा. लागेल तेव्हा एकच नळी काढा. उरलेलं ४ अंशांवर ठेवा, परत गोठवू नका.

आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर मात्र यासाठी वापरू नका.