प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी

तहसील कचेरीबाहेर टायपिंगला बसून मला बावीस वर्षं झाली. माणसं येतात, म्हणतात, "भाऊ, नेहमीचंच लिहा." हे नेहमीचंच गोत्यात आणतं.

आधी पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून घ्या. रिकामी जागा ठेवून सही करू नका. वारसाच्या प्रतिज्ञापत्रात "आम्हां दोघा भावांशिवाय अन्य वारस नाही" ही ओळ मी अजूनही थांबून विचारतो. परवा एकाने हळूच सांगितलं, "बहीण आहे, पण ती दिल्या घरी सुखी आहे." अहो, लग्नाने हक्क जात नाही! नाव घातलं, मगच कागद दिला. हक्क सोडायचाच असेल तर ती स्वतः हक्कसोडपत्र नोंदवेल.

खोटं म्हणजे फक्त जाणूनबुजून लिहिलेलं नव्हे. जे खरं आहे असं तुम्हाला स्वतःलाच वाटत नाही, तेही त्यात येतं. ऐकीव माहिती असेल तर "माझ्या माहितीप्रमाणे" असं वेगळं लिहा. जन्मतारीख, उत्पन्न दाखल्याशी ताडून पाहा.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२९ लागू आहे: न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड, इतरत्र ३ वर्षं आणि ५,०००. "टायपिस्टने लिहिलं" हे तिथे चालत नाही. सही तुमची.

चूक सापडली? वकिलाला गाठून दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र लगेच द्या. समोरच्याने दाखवून देईपर्यंत थांबू नका.